आईचा फुलफॉर्म

४ मार्च

प्रिय शेपूट,

पाकीट बघून दचकू नकोस. कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही. फोन तू उचलत नाहीस, आणि मेल करावा तर आपल्या प्रकल्पाच्या प्रत्येक मेलची एक प्रत निधी कार्यालयात जाते. बहीणभावाचं भांडण दोन सरकारांना कशाला वाचायला द्यायचं? म्हणून हे कागद आणि माझं हे कोंबडीच्या पायांचं अक्षर. जेवढं लागेल तेवढं वाच, बाकीचं सोडून दे.

दुसऱ्या टप्प्याचा करार आलाय. समितीच्या अध्यक्षबाईंनी आपल्या कामाचं एका ओळीत वर्णन केलंय: 'पडलेल्या इमारतीखाली अडकलेल्या जिवंत माणसाचा श्वास बाहेरून ऐकणारं यंत्र.' आपल्याला हेच सांगायला किती पानं लागली होती, आठवतंय? त्यातली निम्मी तुझी, कारण तुला स्वल्पविराम आवडतात.

नियम तुला पाठ आहे. एक पथक इथलं, एक तू राहतेस त्या देशातलं, निधी दोन्ही देशांचा मिळून, आणि प्रत्येक टप्प्याला दोन्ही पथकप्रमुखांच्या सह्या. इथली माझी झाली. तिथली, म्हणजे तुझी, जागा कोरी आहे. करारात एकदोन शब्द इकडेतिकडे झालेत, ते भाषेचे बदल आहेत, त्यात डोकं घालू नकोस. शेवटच्या पानावर सही कर आणि पाठवून दे. माझ्या प्रयोगशाळेत आठ माणसं आहेत. आठ घरांच्या चुली सध्या तुझ्या सहीवर अडून बसल्या आहेत, एवढं लक्षात ठेव.

आणि राग तरी कसला? त्या बैठकीत मी एक उत्तर जरा सजवून दिलं. तर तू पडद्यावरून अशी गायब झालीस की अध्यक्षबाईंना वाटलं तुमच्याकडचं इंटरनेट गेलं. मीही म्हटलं, हो, तिकडे जातं अधूनमधून.

लहानपणी तू माझ्या मागेमागे फिरायचीस म्हणून तुझं नाव शेपूट पडलं. मी चुकीच्या गल्लीत शिरलो तरी न विचारता मागे यायचीस. आता एका सहीसाठी पत्र लिहावं लागतंय, यातच काय ते आलं.

तुझा,
दादा


१९ मार्च

प्रिय शेपूट,

उत्तर नाही. ठीक आहे. तू माझ्यापेक्षा जास्त वेळ अबोला धरू शकतेस हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

काल तुझ्या वहिनीने विचारलं, "नक्की काय बोललात तुम्ही त्या बैठकीत?" सांगितलं. ती पोळी लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "सासूबाईंचा फुलफॉर्म?" आणि लाटलेली पोळी पुन्हा गोळा करून मळायला लागली. तेव्हा मला वाटलं, हे तुझ्याशीही एकदा सरळ बोलून टाकावं.

सुरुवात तुझ्यापासूनच आहे, बरं का. ठणठणीत माणसाचा श्वास भिंतीपलीकडून कोणीही पकडेल. ढिगाऱ्याखालचा माणूस तसा श्वास घेत नाही. त्याचा श्वास मंद असतो, अडखळतो, मध्येच थांबतो. नळाच्या आणि पंख्याच्या आवाजातून तो वेगळा काढायला आपल्याला नमुना हवा होता. आईची फुप्फुसं तेव्हा निम्मी कामातून गेली होती. तू सुट्टीवर आली होतीस. तूच म्हणालीस, "दादा, आई दुपारी झोपते तेव्हाचं घेऊया का?" मधल्या भिंतीला पलीकडून आपण सेन्सर चिकटवला. आई म्हणाली, "घोरले तर कुणाला सांगू नका." तिच्या त्या दुपारच्या झोपेवर आपलं यंत्र शिकलं. ते जे काही आज ऐकतं ते तिच्यामुळे ऐकतं.

तू फाइलला नाव दिलंस 'आई', इंग्रजी अक्षरांत. ए, ए, आय. तुमच्याकडच्या लोकांना वाटलं, हा कसला तरी तांत्रिक शब्द आहे. ते अहवालात लिहायला लागले, 'एएआय पातळी गाठली', 'एएआय कमी पडला'. आपण दोघं फोनवर पोट धरून हसलो होतो. आई गेल्यावरही हसलो. तेव्हा ते बरं वाटायचं, कुणीतरी रोज तिचं नाव घेतंय म्हणून.

मग बैठक. अध्यक्षबाईंनी चष्मा वर करून विचारलं, "एएआय म्हणजे काय? फुलफॉर्म कुठेच दिलेला नाही." टेबलाभोवती दोन्ही देशांची माणसं बसलेली, समोर पाण्याच्या बाटल्या आणि नावांच्या पाट्या. आणि मला एकदम आपल्या मागच्या खोलीची लाज वाटली गं. ती खाट, उशाखालची औषधाची पट्टी, बंद केलेला पंखा. दोन देशांच्या निधीतून उभ्या राहिलेल्या यंत्राचा पाया म्हणजे एक आजारी बाई दुपारची झोपली होती, हे त्या टेबलावर ठेवायला माझी जीभ रेटेना. तोंडातून निघून गेलं, "ॲक्टिव्ह अकूस्टिक इंडेक्स." सगळ्यांनी लिहून घेतलं. वर बघितलं तर तुझी चौकट काळी झाली होती.

एवढंच झालं. मी काही आईला विकलं नाही.

बाकी बातमी म्हणजे दुसऱ्या टप्प्यात तुमच्याकडची एक कंपनी आली आहे. तिचा माणूस सारखा 'दुहेरी उपयोग' म्हणतो. म्हणजे वस्तू एकच, नागरी कामालाही चालते आणि दुसऱ्या कामालाही. मी त्याला म्हटलं, घरातली कात्रीसुद्धा दुहेरी उपयोगाचीच असते. त्याला ते फार आवडलं. दोन एप्रिलला प्रात्यक्षिक आहे. त्याआधी सही आली तर बरं दिसेल.

परवा कपाट आवरताना आईचा टेलिफोन एक्स्चेंजमधला फोटो सापडला. कानाला ते जाडजूड यंत्र, समोर वायरींचं जंजाळ, आणि ती कॅमेऱ्याकडे अशी बघतेय की जणू फोटोग्राफरने चुकीचा नंबर मागितलाय. आठवतं का तिचं, "जोडून द्यायचं आणि कान काढायचा"? दोन माणसं एकमेकांशी बोलायला लागली की तिसऱ्याने तिथे थांबायचं नाही. नोकरीभर पाळलं तिने. आपण दाराआडून ऐकताना सापडलो तरी तेच म्हणायची, "कान काढ." फोटो तुला पाठवू का?

तुझा,
दादा


२ एप्रिल

प्रिय शेपूट,

प्रात्यक्षिक उत्तम झालं. दोन्हीकडचे लोक खूष आहेत. यंत्राने पहिल्याच फेरीत माणूस शोधला. भिंत कंपनीने मुद्दाम नवी बांधून घेतली होती, प्लास्टर करून, रंग देऊन. दारही बसवलं होतं. जेवण बरं होतं.

तुझी सही अजून का आली नाही, हे अध्यक्षबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं. मी सांगितलं, टपालात आहे.

मला जरा डोकेदुखी आहे. जास्त लिहीत नाही.

दादा


३ एप्रिल

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी येऊन बसलो, पण चैन पडेना. तू ते वाचशील आणि 'दारही बसवलं होतं' या वाक्यावर थांबशील. मला माहीत आहे तू कुठे थांबतेस. म्हणून आता सगळं सांगतो.

ढिगारा नव्हताच. एका मोठ्या हॉलमध्ये कंपनीने एक खोली उभी केली होती. चार भिंती, एक पलंग, एक कपाट, एक दार. आत एक माणूस लपणार आणि बाहेरून आपलं यंत्र त्याला शोधणार. कंपनीने ठरवलेली बाई ऐन वेळी आली नाही. तेव्हा आपल्या प्रयोगशाळेत साफसफाई करणाऱ्या मावशी सामान उचलायला आल्या होत्या, त्यांना मीच विचारलं, "मावशी, जरा कपाटात बसाल का?" त्या म्हणाल्या, "बसते की. काय करायचं बसून?" कंपनीच्या माणसाने मला सांगितलं आणि मी त्यांना सांगितलं, "काही नाही, फक्त श्वास रोखून धरायचा. आम्हाला सापडायचं नाही."

हे वाक्य मी स्वतः म्हटलं, शेपूट. आपण इतकी वर्षं ज्यांना सापडायचंय त्यांच्यासाठी काम केलं.

भिंतीला यंत्र लावलं. पडद्यावर रेषा सपाट. मावशींनी खरंच श्वास रोखला होता. सगळे शांत उभे. आणि मग ती रेषा हलली, आधी थोडी, मग जोरात, आणि कंपनीचा माणूस ओरडला, "आई!" तुमच्याकडचे लोक बोलताना ती तीन अक्षरं सुटी म्हणत नाहीत, जोडून म्हणतात. उच्चार अगदी बरोबर होता. त्याबरोबर हेल्मेट घातलेल्या चौघांनी दार तोडलं. खरंच तोडलं, चौकटीसकट. तसं ठरलेलंच होतं. नंतर त्याने पाहुण्यांना नीट समजावून सांगितलं की पद्धत सोपी आहे: आई मिळाली की दार तोडायचं.

मावशी खोकत बाहेर आल्या, दोन्ही हात वर करून. हात वर करायला त्यांना कुणी सांगितलं होतं, मला ठाऊक नाही. मी सांगितलं नव्हतं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मी मुद्दाम लिहितोय हे, म्हणजे नंतर मला नाही म्हणता येऊ नये. मी टाळ्या वाजवल्या. मावशी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "जमलं का सर? माझा श्वास जरा लवकरच सुटला."

मी म्हटलं, "छान जमलं, मावशी."

मग कुणीतरी विचारलं, माणूस सापडल्यावर यंत्र बंद होतं का. कंपनीचा माणूस म्हणाला, कशाला? लावून ठेवलं की आत किती जण आहेत, कोण झोपलंय, कोण जागं आहे, रात्रभर कळत राहतं. ऐकणं थांबवायची गरजच नाही. अध्यक्षबाई माझ्याकडे वळल्या. बाई कडक आहे पण वाईट नाही. त्यांनी सरळ विचारलं, "यंत्र तुमचं आहे. या उपयोगाला तुमची काही हरकत?" सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. एका शब्दाचं काम होतं.

मी कात्रीचा विनोद केला. सगळे हसले.

आता राहिलेलं. पहिल्या पत्रात म्हटलं होतं की करारातले बदल भाषेचे आहेत. एकच शब्द बदललाय. 'ढिगारा' होता तिथे 'बंदिस्त जागा' झालंय. कंपनीला ढिगारा नको होता, समितीला उघड काही नको होतं, आणि दोघांनाही चालेल असा शब्द मी शोधून दिला. मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं तेव्हा. तुला 'त्यात डोकं घालू नकोस' म्हटलं ते तू वाचलंस तर तुला कळेल म्हणूनच.

तुझी वहिनी म्हणतेय, हे पत्रही उद्या टाकू म्हणून ठेवाल आणि फाडाल. तिच्यासमोरच पाकीट चिकटवतोय.

दादा


२१ एप्रिल

प्रिय शेपूट,

तुझं उत्तर मागच्या आठवड्यात पोचलं. पाकिटात नुसता पेन ड्राइव्ह, चिठ्ठी नाही, एक ओळ नाही. मला वाटलं प्रकल्पाचे कागद परत पाठवलेस. लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या ओट्यावर होता, तिथेच लावला. तुझी वहिनी भाजी निवडत होती.

आधी भांड्याचा आवाज आला. मग पंख्याचं बटण बंद झालं. मग आई.

"झालं का रे लावून?"

मी तर विसरूनच गेलो होतो की यंत्राला शिकवण्यासाठी मी पहिला भाग कापला होता. त्यात नुसतं बोलणं आहे, आपल्या कामाचं नाही, असं म्हणून. तू मात्र अख्खं ठेवलंस. किती स्पष्ट आवाज आहे गं. खोकते, मग म्हणते, "आणि ह्याने नक्की काय होणार?" तुझा आवाज येतो, "इमारत पडली की आत अडकलेली माणसं सापडतील, आई." मग ती कूस बदलते, खाट करकरते. आणि विचारते, "माणूस सापडला की मग कान काढता ना?"

मग मी. माझाच आवाज, घाईतला, वायर जोडता जोडता दिलेला. "हो आई. लगेच."

"बरं," ती म्हणते. "मग करा चालू."

आणि श्वास सुरू होतो.

वहिनीने भाजी बाजूला सारली आणि उठून माझ्या पाठीवर हात ठेवला. मला तो हात सहन होईना. बाहेर जाऊन जिन्यात बसलो. शेजारचे गृहस्थ वर चढताना म्हणाले, "काय, किल्ली विसरलात का?" मी म्हटलं, हो.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन माझी सही काढून घेतली. एका पथकाने माघार घेतली की टप्पा थांबतो, तोच नियम. अध्यक्षबाईंनी कारण विचारलं. मी म्हटलं, "बाई, त्या शब्दाला फुलफॉर्म नाही. ती माझी आई आहे." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "हे तुम्ही त्या दिवशीच सांगायला हवं होतं. मी दुसरे प्रश्न विचारले असते."

प्रयोगशाळेत सगळ्यांना जमवून सांगितलं. वाटलं होतं कोणी पाठ थोपटेल, खोटं कशाला बोलू. सोल्डरिंगवाले काका म्हणाले, "सर, मार्चमध्ये सांगितलं असतंत तर आम्ही तेव्हाच दुसरीकडे अर्ज टाकले असते." तेही खरंच आहे. मावशींना वेगळं सांगितलं. ते यंत्र ढिगाऱ्यासाठी नाही, घरात लपलेली माणसं शोधून दार तोडायला वापरणार होते, हे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवशी मी सापडले नसते तर बरं झालं असतं का?" मी मान हलवली. "मग तसं सांगायचं ना," त्या म्हणाल्या, "मी आणखी रोखला असता." आणि बादली उचलून गेल्या.

आणि आता जे सांगायला हे पत्र लिहितोय ते. मी कंपनीला लिहिलं की आईचा नमुना परत करा, यंत्रातून काढून टाका. त्यांचं उत्तर फार सभ्य आहे. पहिल्या टप्प्याचे निष्कर्ष कराराप्रमाणे सगळ्या भागीदारांचे आहेत. यंत्र त्या पातळीवर बेतलेलं आहे, त्यामुळे ती काढता येत नाही. मात्र कुटुंबाच्या भावनांचा आदर म्हणून तिचं नाव बदलता येईल. कुठलं नाव सुचवाल, असंही विचारलंय.

म्हणजे टप्पा थांबला, पण त्यांच्याकडे गेलेलं यंत्र गेलेलंच आहे. ते कुठल्या भिंतीला लागेल हे मला कधी कळणार नाही. पण ऐकणारा कान आपल्या आईचा असेल. तिने जन्मभर जोडून दिलं आणि कान काढला. तिचाच कान मी असा लावून ठेवलाय की आता मलाही काढता येत नाही. मी माघार घेतली म्हणून मला चांगलं म्हणू नकोस. मला फार लाज वाटते, शेपूट. तोंड लपवावंसं वाटतं आणि कुठे लपवावं तेही सुचत नाही, कारण कसं शोधतात ते मीच शिकवलंय.

अजून एक. आठ घरांच्या चुली तुझ्या सहीवर अडल्यात असं मी लिहिलं होतं. त्या तुझ्या सहीवर कधीच नव्हत्या. माझ्यावर होत्या. तुला घाबरवायला मी त्या माणसांना पुढे केलं. त्यांच्यासाठी काम शोधायला उद्यापासून मीच दारोदार फिरणार आहे. तू सही केली नाहीस म्हणून कुणाचंही काही बिघडलेलं नाही, हे लिहून देतो.

ते रेकॉर्डिंग मी रोज ऐकतोय. काल लक्षात आलं. यंत्राला शिकवायला मी जो तुकडा निवडला होता, सगळ्यात शांत, सगळ्यात सलग म्हणून, तो त्या 'बरं'च्या नंतरचा आहे. मी लगेच 'हो' म्हटल्यावर तिला जी झोप लागली, ती. दोन देश ज्याला प्रमाण मानतात ते एवढंच आहे. मी कापताना 'बरं' कापलं आणि पुढचं ठेवलं.

एक मागतो. रविवारी संध्याकाळी फोन करीन. उचल. बोलू नकोस, काही म्हणू नकोस, मलाही काही म्हणायचं नाही. मी फार वेळ ऐकणार नाही. पलीकडे तू आहेस एवढं कळलं की कान काढीन.

दादा